आपल्याच माणसांनी नाकारलेल्या पंडिता रमाबाई



आज सामान्यकाळातील चौदावा रविवार. पहिल्या वाचनात परमेश्वर यहेज्केलला हट्टी आणि बंडखोर लोकांकडे पाठवतो. लोक तुझे ऐकतील, अशी हमी तो त्याला देत नाही. आपल्यामध्ये एक संदेष्टा येऊन गेला हे त्या लोकांना कळावे, एवढेच त्याला हवे आहे. शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या गावी येतो आणि ज्यांनी त्याला लहानाचे मोठे होताना पाहिले, तेच त्याला पाहून अडखळतात. देवाने पाठवलेला माणूस बहुधा आपल्याच घरी नाकारला जातो, असे ही दोन्ही वाचने आपल्याला सांगतात.

संदेष्टा म्हटले की आपल्यापैकी अनेकांना भविष्य सांगणारा माणूस आठवतो. पण जुन्या करारातले संदेष्टे ज्योतिषी नव्हते. डोळ्यांसमोर चाललेल्या अन्यायाला त्यांनी देवाच्या नावाने अन्याय म्हटले. आमोस हा तकोवाचा साधा मेंढपाळ. गरिबांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध तो बोलला, म्हणून बेथेलच्या याजकाने त्याला निघून जायला सांगितले. यिर्मयाचा ग्रंथपट राजाने तुकड्या-तुकड्याने शेगडीत जाळला. यिर्मयाने बारूखला बसवून सगळा मजकूर पुन्हा लिहून घेतला. पुढे त्याला चिखलाने भरलेल्या विहिरीत सोडण्यात आले. यरुशलेम पडल्यावर बाबेलच्या अधिकाऱ्याने त्याला आपल्याबरोबर येऊन सुखाने राहण्याची मोकळीक दिली. यिर्मया गेला नाही. ज्या लोकांनी त्याचा छळ केला, त्यांच्यातल्या उरल्यासुरल्या गोरगरिबांसोबत तो राहिला.

मला वाटते, संदेष्ट्याची खरी ओळख इथे पटते. परखड बोलणारे पुष्कळ असतात. बोलून झाल्यावर, नाकारले गेल्यावर, त्याच लोकांत राहून त्यांची सेवा करणारे मात्र थोडेच. आपल्या महाराष्ट्रात असे एक जीवन होऊन गेले, ते पंडिता रमाबाईंचे. त्या कॅथलिक नव्हत्या, अँग्लिकन पंथात त्यांचा स्नानसंस्कार झाला होता. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली आपल्याला शिकवले आहे, की आपल्यापासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती बंधुभगिनींमध्येही पवित्र आत्मा कार्य करतो आणि ते कार्य आपण आनंदाने ओळखले पाहिजे.

रानातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळ येथील रानातल्या आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवणे त्या काळी निषिद्ध मानले जाई. शास्त्रीबुवांनी मात्र आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. यासाठी त्यांना धर्मसभेपुढे उभे राहून शास्त्राचा आधार दाखवावा लागला, तरी त्यांनी माघार घेतली नाही. आईने तेच ज्ञान पुढे रमाला दिले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत होते.

रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या टोपलीत घालून नोकराच्या डोक्यावरून तिचा पहिला प्रवास झाला. नंतर वर्षानुवर्षे पुराणे सांगत, मिळेल ते खात ही मंडळी फिरली. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात उपासमारीने वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण गेली. आईला स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे आली. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथा खांदा रमाचा. उंची कमी म्हणून तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला. पोटची भूक आणि समाजाचे दार बंद होणे या दोन्ही गोष्टी या मुलीने अशा कोवळ्या वयात अनुभवल्या.

पंडिता, सरस्वती आणि विधवा

बहीण-भाऊ पायी हजारो मैल हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सारे शहर तिचे कौतुक करीत होते. पण त्याच काळात धर्मग्रंथ अधिक खोलवर वाचताना एक प्रश्न तिच्या मनात सलू लागला. जे ग्रंथ मी पाठ म्हणते, त्यांत स्त्रीला आणि शूद्राला मुक्तीची जागा कुठे आहे?

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे विवाहाबरोबर बहिष्कारही आला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचे निधन झाले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी आणि सख्खे असे कोणी नाही. त्या काळी विधवेच्या वाट्याला केशवपन, एक वेळचे जेवण आणि घरातला अंधारा कोपरा येई. रमाबाई मात्र तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली.

त्याच वर्षी आपल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तकही पुण्यात छापून निघाले. सुरतेच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा दोष एकट्या बाईचाच का, असा रोखठोक सवाल ताराबाईंनी त्यात केला. लोक त्यांच्यावर तुटून पडले. महात्मा फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये रमाबाई आणि ताराबाई या दोघींचीही बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. सत्य बोलणाऱ्या बाईला किती किंमत मोजावी लागे, हे समजण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या गावातच ते घडले आहे.

विहिरीवरच्या स्त्रीची गोष्ट

१८८३ साली रमाबाई वैद्यकीय शिक्षणाच्या आशेने इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण होऊ शकले नाही. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे त्या राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथे आपले एक सेवाकार्य दाखवले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. रमाबाई चकित झाल्या, कारण अशा स्त्रियांवर कोणी दया करतो हे त्यांनी कुठे पाहिले नव्हते. हे कशाच्या बळावर, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. प्रभू येशू विहिरीपाशी त्या बाईशी बोलला, तिला हाकलले नाही. रमाबाईंचा जुना प्रश्न इथे सुटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मेरी रमा या नावाने त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा स्नानसंस्कार झाला.

इकडे महाराष्ट्रात बातमी पोहोचताच कालपर्यंतचे कौतुक संपले. ज्यांनी पंडिता म्हणून डोक्यावर घेतले, तेच पाठ फिरवून बसले.

तिकडे इंग्लंडमध्येही सारे सुरळीत नव्हते. रमाबाईंना प्रश्न विचारण्याची सवय होती. त्रैक्याच्या रहस्याबद्दल त्यांना शंका होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. त्यांच्या या शंका आपली ख्रिस्तसभा मान्य करत नाही, पण विश्वास प्रामाणिकपणे शोधावा लागतो हे आपणही मानतो. त्यांना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची संधी आली, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही, साडी सोडली नाही. ख्रिस्ताला स्वीकारताना आपल्या माणसांपासून तुटायचे नाही, हे त्यांनी मनाशी पक्के केले होते. त्यामुळे काही इंग्रज ख्रिस्ती त्यांना गर्विष्ठ म्हणू लागले. मायदेशी त्या परक्यांच्या ठरल्या आणि परदेशी फार देशी.

शारदासदन

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे १८८७ मध्ये त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक निघाले, व्याख्याने झाली आणि भारतातल्या विधवांच्या शाळेसाठी बोस्टनमध्ये मदत मंडळ उभे राहिले. अमेरिकेत त्यांना मान होता, मित्र होते. तिथेच सुखाने राहिल्या असत्या तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्या परत आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले.

तिथे कोणावरही धर्माची सक्ती होणार नाही, हा त्यांचा शब्द होता. म्हणून काही मिशनरी नाराज झाले. ख्रिस्ती बाईच्या शाळेत धर्मशिक्षण का नाही, असे ते विचारू लागले. रमाबाई स्वतः रोज बायबल वाचून प्रार्थना करीत आणि त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि पालकांनी अनेक मुलींना घरी नेले.

यात पालकांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे आपण म्हणू नये. शाळा तटस्थ आहे या भरवशावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या. पण रमाबाईंपुढेही पेच होता. सक्ती करायची नाही हे खरे, तरी स्वतःची प्रार्थना दार लावून चोरासारखी करायची का? त्यांनी दार लावले नाही आणि त्याची किंमत मोजली.

याच शाळेत सुरुवातीच्या काळात आलेली गोदूबाई नावाची तरुण विधवा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली. कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला, स्त्रियांचे विद्यापीठ उभारले आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. ज्या पुण्याने रमाबाईंना नाकारले, त्याच पुण्यात त्यांचे बी दुसऱ्याच्या शेतात उगवले. पेरणाऱ्याला पीक दिसतेच असे नाही.

केडगावची जमीन

शत्रूच्या वेढ्यात शहर पडणार हे माहीत असूनही यिर्मयाने अनाथोथ येथे शेत विकत घेतले होते. रमाबाईंनीही शाळा अशी संकटात असताना पुणे-दौंड मार्गावरील केडगावला माळरान घेतले, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली.

१८९६-९७ चा दुष्काळ आला. आपले वऱ्हाड आणि शेजारचा मध्य प्रांत होरपळून निघाला. मध्य प्रांतातून येणाऱ्या बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे उपाशी दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि रस्त्याकडेला पडलेल्या, दलालांच्या हाती लागू पाहणाऱ्या सुमारे तीनशे मुली-बायका गोळा करून आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, नव्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. मग केडगावचे शेत हेच घर झाले. हेच पुढचे मुक्तिसदन.

प्लेगच्या छावण्यांत स्त्रियांची होणारी आबाळ पाहून त्यांनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. विलायतेच्या पार्लमेंटात त्यावर प्रश्न विचारला गेला. मुंबई सरकारने त्यांचे म्हणणे फेटाळले. म्हणजे सनातनी रागावले, सुधारक दूर गेले, काही ख्रिस्ती नाराज झाले आणि शेवटी इंग्रज सरकारही. कोणा एका बाजूची मर्जी राखायची असती, तर रमाबाईंचे आयुष्य पुष्कळ सोपे झाले असते.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही अनाथ मुली आल्या आणि मुक्तिसदनातली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, शेती, दूधदुभते, छापखाना ही सारी कामे बायकाच करीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते, अंध मुलींना शिकवण्याची सोय होती. फुलहॅमला जे पाहिले, ते त्यांनी केडगावच्या माळावर उभे केले. ही संस्था आजही सुरू आहे.

संदेष्ट्यांचे शब्द खेडवळ बायकांसाठी

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. त्या वेळचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते. मुक्तीतल्या खेडवळ बायकांना ते समजत नसे. म्हणून संस्कृतच्या या पंडितेने पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सबंध बायबल साध्या मराठीत उतरवायला घेतले. यशया, यिर्मया, आमोस यांचे शब्द मूळ हिब्रूतून वाचून, शेतात खुरपणाऱ्या बाईला कळतील असे लिहायचे, हा ध्यास त्यांनी वर्षानुवर्षे धरला. छपाई केडगावच्याच छापखान्यात, मुक्तीतल्या बायकांच्या हातांनी.

संदेष्ट्यांनी विधवा आणि अनाथ यांची बाजू सतत घेतली आहे. ते शब्द एका विधवेने भाषांतरित केले आणि इतर विधवांनी व अनाथ मुलींनी ते छापले.

याच काळात, २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. चाळीस वर्षांची एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात आणि मुक्तीची भावी आशा. कानांनी जवळजवळ बहिऱ्या झालेल्या, थकलेल्या रमाबाईंनी तरीही लेखणी खाली ठेवली नाही. बायबलचे काम त्यांनी हातावेगळे केले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावला झोपेतच त्या देवाघरी गेल्या.

इंग्लंडच्या ख्रिस्तसभेने पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून ३० एप्रिलला त्यांचे स्मरण ठेवले आहे. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. संदेष्ट्यांच्या बाबतीत असे नेहमीच घडते. हयातीत दगड मारायचे आणि नंतर स्मारके बांधायची, याबद्दल प्रभू येशूनेही परुश्यांना सुनावले होते.

आपल्यासाठी

माझ्या बंधुभगिनींनो, आपले पाचारण यशस्वी झाले की नाही, हे आपण लोकांच्या टाळ्यांवरून ठरवतो. यहेज्केलला देवाने वेगळे माप दिले: पाठवले तिथे गेलास का, आणि टिकून राहिलास का. रमाबाई गेल्या आणि टिकून राहिल्या. ज्या समाजाने त्यांना बाहेर काढले, त्या समाजाच्या टाकलेल्या लेकींना त्यांनी घरात घेतले. सूड म्हणून कडवट होणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी त्याऐवजी विहिरी खोदल्या.

आता थोडे आपल्या गावांकडे पाहू. शेतकरी आत्महत्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलडाणा जिल्हा होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यामागे बहुतेक वेळा एक बाई उरते. कर्ज तिच्या डोक्यावर, मुले तिच्या पदरात आणि जमिनीचा सात-बारा मात्र सासरच्या नावावर. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. रमाबाईंच्या निधनाला तेव्हा शंभर वर्षे झाली होती.

आपण ख्रिस्ती, आपल्यात असे काही नाही, असे म्हणून सुटू नका. हळदीला, डोहाळजेवणाला, नव्या नवरीच्या स्वागताला विधवा बहिणीला आपण पुढे बोलावतो का? तिच्या नावावर शेत करून देताना दीर मागेपुढे पाहत असेल, तर आपण मध्ये बोलतो का? की घरचे प्रकरण म्हणून गप्प बसतो? जो बोलेल त्याला घरातले नावे ठेवतील, भाऊबंद बोलणे टाकतील. नाझरेथ फार लांब नाही. आपल्या ओसरीवरच आहे.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एका विधवा भगिनीच्या घरी जावे, ही माझी विनंती. उपदेश करायला नको. बसावे, चहा घ्यावा, तिचे कागदपत्र, मुलांची फी, पेन्शनचा अर्ज यांपैकी काय अडले आहे ते विचारावे आणि ते मार्गी लागेपर्यंत पुन्हा पुन्हा जावे. पहिल्या भेटीत कोणीही जातो. पुन्हा पुन्हा जाणे हीच विश्वासूपणाची कसोटी.

प्रार्थना करू या: हे प्रभू, तू आपल्या गावात नाकारला गेलास, तरी त्या गावावरचे तुझे प्रेम आटले नाही. सत्य बोलण्याचे धैर्य आम्हाला दे, आणि बोलून झाल्यावर आपल्या माणसांत टिकून राहण्याची माया दे. आमेन.

तुमचा धर्मगुरू